फौजेनंतर केमिकलची सरकारी नोकरी : वय आडवं येत नाही, कागद येतो

जवान सतरा वर्षांची नोकरी करून गावी येतो. आठ दिवस सत्कार होतात, फेटे बांधले जातात. नवव्या दिवसापासून पारावर एकच प्रश्न सुरू होतो, "आता पुढं काय?" उत्तरंही ठरलेली असतात. बँकेत सिक्युरिटी, एखाद्या ऑफिसात शिपाई, नाहीतर तलाठ्याची परीक्षा. दहावी-बारावीला सायन्स घेतलेला, हिशोबात हुशार असलेला एखादा जवान "मला प्लांटवर, केमिकलमध्ये सरकारी नोकरी करायचीय" म्हणाला, तर चारजण हसतात. "आता ह्या वयात कुठं इंजिनिअर होणार? वय गेलं की!"

प्रत्यक्षात वय गेलेलं नसतं. सरकारी नियमांत माजी सैनिकाचं वय वेगळ्या पद्धतीनं मोजलं जातं आणि त्या मोजणीत छत्तीस वर्षांचा जवान पुन्हा एकोणीस वर्षांचा होतो. अडचण येते ती कागदाची. कोणता कोर्स केला, तो कुठून केला आणि पहिली सरकारी नोकरी कोणती धरली, या तीन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं. त्यातली एक चुकली की राखीव जागा समोर असूनही हाताला लागत नाही.

केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय?

केमिकल म्हटलं की प्रयोगशाळेतली काचेची नळी डोळ्यासमोर येते. पण ते रसायनशास्त्र झालं. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे तेच काम टनाच्या हिशोबात, सुरक्षितपणे आणि परवडेल अशा खर्चात करणं.

गावाजवळचा साखर कारखाना हे त्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण. उसाचा रस तापवणं, चुना घालून साफ करणं, इव्हॅपोरेटरमध्ये आटवणं, पॅनमध्ये दाणा धरणं, सेंट्रिफ्यूगलमध्ये मळी वेगळी करणं. पुढे त्याच मळीला डिस्टिलरीत आंबवून, उंच कॉलममध्ये वाफेवर वेगळं करून इथेनॉल काढणं. उष्णता, दाब, प्रवाह, मिसळणं आणि वेगळं करणं, या पाच गोष्टींवर ताबा ठेवणं म्हणजे केमिकल इंजिनिअरिंग. खताचा कारखाना, रिफायनरी, दारूगोळ्याचा कारखाना, शहराचं पाणी शुद्ध करणारं केंद्र, सगळीकडे हेच तत्त्व चालतं. फक्त माल वेगळा.

फौजेतल्या काही कामांशी याचं नातं जवळचं आहे. आर्मी सर्व्हिस कोरमध्ये पेट्रोल-डिझेलचे साठे सांभाळलेला, ऑर्डनन्समध्ये दारूगोळा हाताळलेला, इंजिनिअर्समध्ये पाणी शुद्धीकरणाचा संच चालवलेला, नौदलात बॉयलर-इंजिनरूममध्ये घाम गाळलेला किंवा अणु-जैविक-रासायनिक हल्ल्यापासून बचावाचं प्रशिक्षण घेतलेला जवान प्लांटवर नवखा नसतो. ठरलेल्या क्रमानं काम करणं, रात्रपाळी, सुरक्षेचा नियम न मोडणं हे त्याच्या अंगात असतं. मात्र हा अनुभव मुलाखतीत आणि कामावर उपयोगी पडतो. अर्ज छाननीत तो एकटा पुरत नाही.

फौजेची 'पदवी' इथं का चालत नाही?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. दहावी पास किंवा सैन्याचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेल्या आणि 15 वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला गट क च्या काही पदांसाठी पदवीधरासारखं पात्र धरलं जातं. त्यावर अनेकजण लिपिक, तलाठी अशा पदांना अर्ज करतात आणि ते बरोबरही आहे.

पण त्याच नियमात अट आहे. ज्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता लागते, तिथे ही सवलत लागू होत नाही. म्हणजे 'कोणतीही पदवी' मागितली असेल तर हे प्रमाणपत्र चालतं. 'केमिकल डिप्लोमा', 'रसायनशास्त्रासह बी.एस्सी.' किंवा 'आयटीआय अमुक ट्रेड' मागितला असेल तर चालत नाही. तिथे ते शिक्षण प्रत्यक्ष झालेलं असावं लागतं.

म्हणून जाहिरात वाचताना आधी 'माजी सैनिक राखीव' हा रकाना बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही. आधी शैक्षणिक अर्हतेची ओळ वाचायची.

वयाचं गणित

आता दिलासा देणारी बाजू. केंद्र सरकारच्या गट क व ड पदांसाठी माजी सैनिकाच्या खऱ्या वयातून सैन्यातली सेवा वजा केली जाते. उरलेलं वय त्या पदाच्या कमाल मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसलं की तो पात्र. महाराष्ट्र शासनाच्या भरतीतही माजी सैनिकांना सेवेचा काळ अधिक तीन वर्षे अशी सवलत असते. दिव्यांग माजी सैनिकांसाठी राज्याच्या जाहिरातीत 45 वर्षांची वेगळी मर्यादा दिलेली असते.

उदाहरण घेऊ. एक जवान 19 व्या वर्षी भरती झाला, 17 वर्षे सेवा करून 36 व्या वर्षी सुटला. 36 वजा 17 म्हणजे सरकारी हिशोबात तो 19 चा. त्यानं तीन वर्षांचा केमिकल डिप्लोमा केला, वय झालं 39. त्यातून 17 गेले, उरले 22. पदाची मर्यादा 26 असेल तर त्याला 26 अधिक 3, म्हणजे 29 पर्यंत संधी. खऱ्या वयात सांगायचं तर 46 पर्यंत.

म्हणजे डिप्लोमाची तीन वर्षे आणि त्यावर एक वर्ष अप्रेंटिसशिप केली, तरी हातात सहा वर्षे उरतात. "शिकायला बसलो तर वय निघून जाईल" ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही. काही सार्वजनिक कंपन्या मात्र सगळ्या सवलती धरून एकूण वयाची वरची रेष घालतात. ती प्रत्येक जाहिरातीत तपासावी लागते.

आयटीआयला प्रवेशासाठी 14 वर्षे पूर्ण असावी लागतात, वरची मर्यादा नाही. त्यामुळे मुलांच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसायची तयारी असेल, तर शिक्षणाचं दार उघडं आहे.

राखीव जागा किती आणि कुठं?

महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांसाठी 15 टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्र सरकारच्या खात्यांत गट क मध्ये 10 टक्के आणि गट ड मध्ये 20 टक्के. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांत गट क साठी 14.5 टक्के आणि गट ड साठी 24.5 टक्के. यातले 4.5 टक्के दिव्यांग माजी सैनिक आणि युद्धात मृत्यू आलेल्या जवानांच्या अवलंबितांसाठी असतात.

समांतर आरक्षण म्हणजे ते प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजलं जातं. पात्र माजी सैनिक मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या इतर उमेदवाराकडे जाते. तांत्रिक पदांच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. लिपिकाच्या एका जागेवर माजी सैनिकांची झुंबड असते, कारण तिथे फौजेचं प्रमाणपत्र चालतं. प्लांट ऑपरेटरच्या जागेला केमिकलचा कागद असलेले माजी सैनिक मोजकेच.

गट अ आणि गट ब च्या नागरी पदांत मात्र केंद्राचा असा कोटा नाही. म्हणजे अधिकारी इंजिनिअरच्या जागेवर माजी सैनिकाला सगळ्यांच्या बरोबरीनं स्पर्धा करावी लागते. कोर्स निवडताना याचा थेट संबंध येतो.

कोणत्या शिक्षणावर कोणतं दार?

आयटीआय : 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट' हा दोन वर्षांचा ट्रेड, बोलीभाषेत एओसीपी. विज्ञान-गणितासह दहावी लागते. याशिवाय केमिकल प्लांटसाठी मेंटेनन्स मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि लॅबोरेटरी असिस्टंट हेही ट्रेड आहेत. हे ट्रेड प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयत नसतात, रासायनिक उद्योगांच्या पट्ट्यातल्या आयटीआयत जास्त सापडतात. दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

डिप्लोमा : दहावीनंतर तीन वर्षे. बारावी सायन्स झालेल्यालाही थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे दोनच वर्षे. रिफायनरी, खत कारखाना, पेट्रोकेमिकल यांच्या ऑपरेटर दर्जाच्या जागांना हा डिप्लोमा सर्वाधिक उपयोगी. मागासवर्गीय नसलेल्यांसाठी अनेक जाहिराती किमान 50 टक्के गुण मागतात. म्हणून नुसतं पास होणं पुरत नाही.

बी.एस्सी. : भौतिक, रसायन, गणित घेऊन झालेली बी.एस्सी. काही ऑपरेटर पदांना डिप्लोमाच्या बरोबरीनं चालते. बारावी सायन्स असलेल्या जवानाला सेवेत असतानाच मुक्त विद्यापीठातून ही पदवी घेता येते, मात्र प्रात्यक्षिकांसाठी रजा काढून केंद्रावर जावं लागतं. जाहिरातीत 'नियमित, पूर्णवेळ' असे शब्द असतील तर मुक्त विद्यापीठाची पदवी अडू शकते.

बी.ई. किंवा बी.टेक. : मुंबईची आयसीटी आणि तिचं जालना केंद्र, नागपूरची एलआयटी, लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, जळगावच्या विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान संस्था, वारणानगरचं अभियांत्रिकी महाविद्यालय अशा ठिकाणी केमिकलचं पदवी शिक्षण मिळतं. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे.

पण छत्तीसाव्या वर्षी सुटलेल्या जवानासाठी पदवी ही डिप्लोमापेक्षा चांगली निवड असेलच असं नाही. पदवीवरच्या जागा अधिकारी गटातल्या. तिथे माजी सैनिकांचा कोटा नाही आणि वयाची सवलत बहुतेक वेळा पाच वर्षांचीच. सार्वजनिक कंपन्या अधिकारी इंजिनिअर घेताना 'गेट' परीक्षेचे गुण बघतात. यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत तर केमिकल शाखाच नाही. तिथे सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन एवढ्याच चार शाखा आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे डिप्लोमाच्या काही जाहिरातींत 'इंजिनिअरिंग पदवीधरांनी अर्ज करू नये' असं लिहिलेलं असतं. पदवी लपवून नोकरी मिळवली आणि नंतर उघड झालं तर नोकरी जाते. म्हणजे जास्त शिकल्यामुळे कोट्यातली जागा हातची जाण्याची वेळ येऊ शकते.

थोडक्यात, पूर्ण सेवा करून आलेल्या जवानासाठी डिप्लोमा किंवा एओसीपी हा सरळ रस्ता. पदवी परवडते ती पंचविशीच्या आत बाहेर पडणाऱ्याला आणि आधीच बी.ई. केमिकल असलेल्या शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्याला. अशा अधिकाऱ्यासाठी नागपूरला मुख्यालय असलेली 'पेसो' ही केंद्राची स्फोटक सुरक्षा यंत्रणा लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेट्रोल पंप, गॅस साठे, फटाका व स्फोटक कारखाने यांच्या परवानग्या ती बघते. तिथल्या अधिकारी पदांची भरती यूपीएससीमार्फत होते.

नोकऱ्या निघतात कुठं?

महाराष्ट्रातच पाहायचं तर मुंबईच्या माहुल भागात हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या रिफायनऱ्या आहेत. ट्रॉम्बे आणि अलिबागजवळ थळ इथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे खत कारखाने आहेत. उरणला ओएनजीसीचा प्लांट आहे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, तर पुण्यात डीआरडीओची स्फोटकांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे.

दारूगोळ्याच्या कारखान्यांचा माजी सैनिकांना विशेष परिचय असतो. ऑक्टोबर 2021 मध्ये जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातली म्युनिशन्स इंडिया पुण्यातून चालते आणि खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा इथले कारखाने तिच्याकडे आहेत. इथे एओसीपी ट्रेड आणि अप्रेंटिसशिप झालेल्यांना मागणी असते. मात्र अलीकडे अनेक जागा ठरावीक मुदतीच्या निघतात. कायम आणि मुदतीची यातला फरक जाहिरातीत नीट बघावा.

धोकाही समजून घ्यायला हवा. जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेक कामगारांचा जीव गेला. रिफायनरी असो की खत कारखाना, वायुगळती, आग, आम्ल यांच्याशी रोज गाठ असते. तीन पाळ्यांत काम चालतं, सणवार नसतो. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत रंग ओळखणं आणि ऐकू येणं सहसा बघतात. तोफखान्यात वर्षानुवर्षे काढलेल्यांनी कानाची तपासणी आधीच करून घेतलेली बरी.

राज्याकडे आलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, जीवन प्राधिकरण आणि महापालिकांची जलशुद्धीकरण केंद्रं इथे रसायन व पर्यावरणाशी संबंधित पदं अधूनमधून निघतात. संख्या कमी असते, पण घराजवळ राहायला मिळण्याची शक्यता जास्त.

पगाराबद्दल एक शंका नेहमी विचारली जाते, "नोकरी लागली की पेन्शन बंद होते का?" जवान आणि जेसीओंच्या बाबतीत केंद्राच्या नोकरीत पगार ठरवताना सैन्याची पेन्शन धरली जात नाही. पेन्शन आपल्या जागी, पगार आपल्या जागी.

घरबसल्या डिप्लोमाचा सापळा

सुट्टीवर आलेल्या जवानाच्या मोबाईलवर जाहिराती येतात, 'एका वर्षात इंजिनिअरिंग डिप्लोमा, परीक्षा घरून, नोकरीत असतानाही चालेल.' चाळीस-पन्नास हजार भरले जातात, सुंदर छापलेलं प्रमाणपत्र येतं. मग भरतीत लेखी परीक्षा पास होते आणि कागदपत्र पडताळणीत सगळं संपतं.

इंजिनिअरिंगचं शिक्षण टपालानं किंवा घरबसल्या घेता येत नाही, हे इथे पक्कं लक्षात ठेवावं. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एआयसीटीईच्या मान्यतेशिवाय दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर बोट ठेवलं आणि अनेकांच्या पदव्या अडचणीत आल्या. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. संस्था एआयसीटीईच्या यादीत आहे का? डिप्लोमा असेल तर परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं का? आयटीआय असेल तर प्रमाणपत्र राष्ट्रीय परिषदेचं, म्हणजे एनसीव्हीटीचं आहे का? तिन्ही गोष्टी सरकारी संकेतस्थळांवर फुकट बघता येतात.

नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे मान्यताप्राप्त वर्गही काही कॉलेजांत असतात. पण तिथे प्रत्यक्ष हजेरी लागते. सीमेवर ड्यूटी आणि पुण्यात हजेरी असं दोन्ही होत नाही, एवढं साधं गणित लक्षात ठेवलं तरी फसवणूक टळते.

पहिली सरकारी नोकरी जपून धरा

माजी सैनिकाच्या आरक्षणाचा लाभ घेऊन एकदा नियमित सरकारी नागरी नोकरीत रुजू झालं, की पुढच्या केंद्रीय भरतीत त्या राखीव जागेवरचा हक्क संपतो. गडबडीत शिपाई म्हणून रुजू झालेला जवान दोन वर्षांनी डिप्लोमा करून ऑपरेटरच्या राखीव जागेला अर्ज करायला गेला, तर त्याला हे कळतं आणि डोक्याला हात लावायची वेळ येते.

यात एक सोय आहे. रुजू होण्याआधी ज्या ज्या ठिकाणी अर्ज केले असतील, त्यांची यादी तारखांसह रुजू होतानाच नव्या कार्यालयाला लेखी दिली, तर त्या अर्जांपुरता लाभ टिकतो. केंद्राच्या कार्मिक विभागानं ऑगस्ट 2014 च्या आदेशात हे स्पष्ट केलं आहे. यादी दिल्याची पोच घेऊन ठेवावी.

खासगी नोकरीनं किंवा कधीही काढता येईल अशा कंत्राटी, हंगामी कामानं हा हक्क जात नाही. म्हणून डिप्लोमा झाल्यावर जाहिरातीची वाट पाहत घरी बसण्यापेक्षा जवळच्या डिस्टिलरीत किंवा एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत अनुभव घेणं दोन्ही बाजूंनी फायद्याचं.

आणखी एक. पेन्शनला पात्र होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून फौज सोडली, तर सहसा माजी सैनिकाचा दर्जाच मिळत नाही. घरच्या कटकटींमुळे अर्ज टाकण्याआधी हा परिणाम माहीत असावा.

अग्निवीरांचं गणित वेगळं

जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. त्यातले 25 टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतात. बाकीचे तरुण साधारण 11 लाख 71 हजारांचा सेवा निधी घेऊन घरी येतील.

त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर सांगितलेलं माजी सैनिकांचं आरक्षण आणि वयाची वजाबाकी त्यांना आपोआप लागू होत नाही. संरक्षण खात्यातली नागरी पदं, संरक्षण कंपन्या आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अग्निवीरांसाठी 10 टक्के जागा ठेवण्याचं केंद्रानं 2022 मध्ये जाहीर केलं होतं. दारूगोळ्याचे कारखाने चालवणाऱ्या कंपन्या संरक्षण कंपन्यांतच मोडतात, हे केमिकलकडे वळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

अग्निवीराकडे वय आहे आणि हातात रक्कम आहे. तीच रक्कम ट्रॅक्टर, गाडी किंवा घराच्या स्लॅबमध्ये घालण्याआधी त्यातला काही भाग डिप्लोमा आणि पुढे पदवीसाठी बाजूला काढला, तर त्याच्यासाठी 'गेट'चाही रस्ता खुला राहतो. सेवेतल्या कौशल्यांवर मिळणारी मुक्त विद्यापीठाची पदवी मात्र इंजिनिअरिंगची नसते, हे विसरू नये.

मुलांसाठी काय?

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात संरक्षण दलाच्या कोट्याच्या जागा असतात. त्या जवानाच्या मुलामुलींसाठी आहेत, स्वतः जवानासाठी नाहीत. मुलांना बी.ई. केमिकलसारख्या व्यावसायिक पदवीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेतून मुलाला महिना 2,500 आणि मुलीला 3,000 रुपये मिळू शकतात. त्यासाठी बारावी किंवा डिप्लोमाला 60 टक्के गुण लागतात. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर भरायचा आणि पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते.

तयारी कधी सुरू करायची?

सुटण्याआधी तीन वर्षे असताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका शोधून ठेवायच्या. गणित-विज्ञान सुटलेलं असेल तर ते पूर्ण करायचं. गुणपत्रिका, आधार आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नाव व जन्मतारीख एकच आहे का, ते तपासायचं. एका अक्षराच्या फरकानं पडताळणी अडते आणि युनिटमध्ये असताना जी दुरुस्ती होते, ती सुटल्यावर महिनोन् महिने रखडते.

शेवटच्या टप्प्यात पुनर्वसन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीआरच्या कोर्सची यादी बघायची. औद्योगिक सुरक्षा किंवा फायर सेफ्टीचा कोर्स मिळाला तर केमिकलला पूरक ठरतो. निवृत्तीला एक वर्ष उरलं की सेवेत असतानाच नागरी पदांसाठी अर्ज करता येतात. त्यासाठी युनिटकडून सुटण्याच्या तारखेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिक ओळखपत्र काढायचं. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, अधिवास दाखला, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर, या सगळ्यांच्या स्कॅन प्रती मोबाईलमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवायच्या. आयटीआय आणि डिप्लोमाची प्रवेश प्रक्रिया दहावीच्या निकालानंतर सुरू होते. ती तारीख हुकली की पुढचं वर्ष.

मे महिन्यात सुटून आलेला जवान जूनमध्ये डिप्लोमाचा फॉर्म भरू शकतो. पेन्शनवर घर चालतं, तीन वर्षांत कागद हातात येतो आणि सरकारी हिशोबात तो तेव्हाही बावीस वर्षांचाच असतो. पारावरच्या "वय गेलं की" या वाक्याला तेवढं उत्तर पुरेसं आहे.